खोट की खोड?

गेल्या वेळी या पानावर मी एकच विचारलं होतं: महागडा गेमिंग मॉनिटर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला काय खटकलं? पत्रांचा ढीग आला. वेगवेगळ्या शब्दांत बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे: हा दोष आहे, की मलाच तसं वाटतंय?

मी नऊ वर्षं एका सेवा केंद्रात परत आलेले मॉनिटर तपासायचे. खोकं उघडायचं, पडदा लावायचा, अंधाऱ्या खोलीत बसून पाहायचं आणि 'दोष आहे' किंवा 'दोष नाही' अशी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर लिहायला जागा कमी असायची, म्हणून आम्ही आपसांत दोनच शब्द वापरायचो: खोट आणि खोड. खोट म्हणजे त्या एका नगात राहून गेलेली चूक. दुसरा नग आणला की ती जाते. खोड म्हणजे त्या जातीच्या पॅनलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा, स्वभाव; आयपीएस, व्हीए आणि ओलेड या त्याच्या जाती. दहा नग बदला, दहाही तसेच निघणार. खोट असेल तर जरूर भांडा. खोड असेल तर तिच्याशी जमवून घ्या, नाहीतर पॅनलची जातच बदला. खालची सगळी उत्तरं याच दोन शब्दांभोवती फिरतात.

प्रश्न: २७ इंची, १४४० पी, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० चित्रं) आयपीएस मॉनिटर घेतला. रात्री दिवे घालवून काळा पडदा पाहिला तर चारही कोपऱ्यांत पिवळट उजेड. मोबाइलवर फोटो काढला तर पडद्यामागे वणवा पेटल्यासारखा दिसतो. एकदा बदलून घेतला. दुसऱ्यातही तेच, फक्त उजवा खालचा कोपरा जास्त वाईट. आता तिसरा मागवू का?

आधी तो फोटो पुसून टाका. फोनचा कॅमेरा अंधार दिसला की जमेल तेवढा उजेड गोळा करतो, आणि तुम्हाला जे जेमतेम जाणवत होतं त्याचा वणवा करून दाखवतो. आमच्या केंद्रात असे फोटो पुरावा म्हणून धरले जात नसत. पाठवायचाच असेल तर एक्स्पोजर लॉक करा आणि डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच फोटोत येईपर्यंत खाली आणा. बऱ्याच जणांची तक्रार तिथेच विरघळते.

आता कोपऱ्यांकडे वळू. आयपीएस पॅनलमधले द्रवस्फटिक मागचा दिवा पूर्ण अडवू शकत नाहीत. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, साधारण १०००:१ असतो. पांढरा ३०० निट्सचा (निट हे चमकेचं माप) असेल तर 'काळा' ०.३ निटचा. दिवे लागलेल्या खोलीत हे कळत नाही, अंधारात कळतं. त्यात आयपीएसकडे तिरकं पाहिलं की काळ्यातून आणखी उजेड झिरपतो. तुम्ही ५० सेंटिमीटरवर बसत असाल तर २७ इंची पडद्याचा कोपरा तुम्हाला जवळजवळ ३४ अंशांतून दिसतो. ८० सेंटिमीटरवर सरकलात तर तोच कोन २३ अंशांवर येतो. पडदा तसाच राहतो, उजेड मात्र कमी होतो. याला ग्लो म्हणतात आणि ही आयपीएसची खोड आहे. कोणत्याही किमतीचा आयपीएस घ्या, ती कमीअधिक असणारच.

याच्यासारखीच दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे बॅकलाइट ब्लीड. चौकट पॅनलला कुठेतरी जास्त दाबते किंवा कडेला फट राहते, आणि मागचा उजेड तिथून गळतो. ही खोट. दोन्ही ओळखायची सोपी रीत सांगते: काळा पडदा लावा, चमक रोज वापरता तेवढीच ठेवा आणि डोकं डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हलवा. डाग तुमच्याबरोबर सरकला, फिका झाला, रंग बदलला तर तो ग्लो. तो जागचा हलला नाही, दोन मीटर मागे उभं राहूनही तिथेच तसाच दिसला, तर ब्लीड.

एक गृहस्थ आठवतात. एकाच मॉडेलचे चार नग त्यांनी परत केले. पाचव्याच्या वेळी मी त्यांना फोन करून विचारलं, "चमक किती ठेवता?" म्हणाले, "खोक्यातून आला तशी, १०० टक्के." रात्री, अंधारात, डोळ्यांपासून हातभर अंतरावर. म्हटलं, पांढरा १०० ते १२० निट्सवर येईल इतकी चमक उतरवा आणि मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवा. पांढऱ्याबरोबर काळाही त्याच प्रमाणात उतरतो, ०.३ चा ०.१ होतो. शिवाय मागच्या दिव्यामुळे डोळा अंधाराला इतका सरावत नाही. पाचवा नग परत आला नाही.

तुमच्या दुसऱ्या नगाचा उजवा खालचा कोपरा वरच्या कसोटीत जागचा हलला नाही, तर एकदा बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. बाकी तीन कोपऱ्यांसाठी मात्र तिसरा मागवू नका. प्रत्येक नवा नग म्हणजे नवी सोडत. ग्लो तोच राहील आणि वर एखादा मेलेला पिक्सेल नाहीतर काचेखाली अडकलेला धूळकण पदरात पडेल. काळा खरोखर काळाच हवा असेल तर तुम्हाला आयपीएस नकोच आहे. व्हीए किंवा ओलेड बघा. त्यांच्या खोडी वेगळ्या आहेत, पुढे येतीलच.

प्रश्न: ताई, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्या ६० वाल्यापेक्षा काहीच फरक वाटत नाही. पॅनल खराब आलंय का?

पॅनल नाही रे, सेटिंग. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा ६० हर्ट्झवरच थांबतं. डिस्प्ले सेटिंगमधे, प्रगत डिस्प्लेच्या पानावर जा आणि रिफ्रेश रेट हाताने १४४ कर. तिथे १४४ दिसतच नसेल तर केबल बघ. आणि हेही बघ की केबल ग्राफिक्स कार्डात घातली आहेस की चुकून मदरबोर्डच्या भोकात. हसू नकोस, माझ्या टेबलावर 'बिघडलेला' म्हणून आलेल्या कितीतरी मॉनिटरांना एवढाच आजार होता. मग माऊसचा बाण गोल गोल फिरवून बघ. ६० वर तो सुट्या ठिपक्यांसारखा दिसतो, १४४ वर ठिपके इतके दाट होतात की फरक विचारावा लागत नाही.

प्रश्न: ४के मॉनिटरवर मधोमध थोडं डावीकडे एक हिरवा ठिपका कायम पेटलेला आहे. विक्रेता म्हणतो एक ठिपका नियमात बसतो. एवढा महागडा मॉनिटर, आणि नियमात कसला बसतो?

तुमचा राग रास्त आहे. विक्रेताही खोटं बोलत नाही.

३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन सबपिक्सेल, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी सूक्ष्म झडपा. त्या सगळ्या चालल्याच पाहिजेत असा हट्ट धरला तर पॅनलं वाया किती जातील, या हिशोबातून नियम आले. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकात वर्ग पाडले होते. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले, २ कायम विझलेले आणि ५ सबपिक्सेलचे दोष चालवून घेतले जात. आकडे लहान वाटतात. ४के पडद्याला तो गुणाकार करा: १६ पेटलेले, १६ विझलेले, ४१ सबपिक्सेल. म्हणजे गोवर आलेला पडदासुद्धा कागदोपत्री निर्दोष! ते मानक २००८ मधे आयएसओ ९२४१ च्या मालिकेत विलीन झालं, पण 'अमुक ठिपक्यांपर्यंत दोष नाही' ही विचारसरणी वॉरंटीच्या कागदांत राहिली.

म्हणून दोन कागद वेगवेगळे वाचा. वॉरंटी ठिपके मोजते. खरेदीनंतर ठरावीक दिवसांत माल परत करण्याची सोय असेल तर ती सहसा मोजत नाही, नापसंत एवढं कारण तिथे पुरतं. त्या मुदतीत असाल तर ठिपक्यांच्या नियमावर वाद घालत बसू नका, सरळ परत करा. काही कंपन्या पेटलेल्या एका ठिपक्यावरही पडदा बदलून देतात. ते वॉरंटीत स्वतंत्र वाक्य म्हणून लिहिलेलं असतं, घेण्याआधी शोधा.

हिरवा पेटलेला ठिपका म्हणजे अडकलेला सबपिक्सेल, तो मेलेला नसतो. झपाझप रंग बदलणारा छोटा चौकोन त्यावर तासभर चालवून पाहता येतो. कधी सुटतो, बहुतेकदा नाही. बोटाने चोळू नका. एका ठिपक्याच्या जागी बोटाएवढा डाग करून आणलेले पडदे मी पाहिले आहेत, आणि त्या डागाला कोणतीच वॉरंटी लागत नाही.

ही खोट आहेच. मधोमध असल्यामुळे मी स्वतः चालवून घेतली नसती. कोपऱ्यात असती तर कदाचित घेतली असती.

प्रश्न: खोक्यावर १ मिलिसेकंद लिहिलं आहे. तरीही अंधाऱ्या दृश्यात पात्र पळालं की मागे काळी शेपूट लागते. मेन्यूत ओव्हरड्राइव्ह सर्वांत वरच्या पायरीवर केला तर काळी शेपूट गेली, पण पांढरी आली! मॉनिटर व्हीए, वक्र, ३२ इंची, २४० हर्ट्झ. फसवणूक आहे का?

फसवणूक म्हणणार नाही. अर्धसत्य म्हणेन, आणि त्याबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त चीड आहे.

१ मिलिसेकंद हा आकडा पिक्सेलने एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जायला घेतलेल्या वेळेचा. मोजायच्या रूढ पद्धतीत प्रवासाचे पहिले १० टक्के आणि शेवटचे १० टक्के सोडून देतात. म्हणजे धावपटू सुटल्यानंतर थोड्या वेळाने घड्याळ सुरू करायचं आणि फीत तुटायच्या आधीच बंद करायचं. वर हा आकडा सर्वांत अनुकूल छटांच्या जोडीवर आणि सर्वांत आक्रमक ओव्हरड्राइव्हवर घेतलेला असू शकतो.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे ढुशी. स्फटिक आळशी, म्हणून त्याला गरजेपेक्षा जास्त दाबाने ढकलायचं. ढुशी बेताची असली तर तो वेळेत जागेवर पोचतो. जास्त झाली तर मुक्काम ओलांडून पुढे जातो आणि परत येतो. तो पुढे जाऊन परत येतानाचा क्षण म्हणजे तुमची पांढरी शेपूट. मधली पायरी लावा. सर्वांत वरची पायरी खोक्यावरचा आकडा गाठता यावा म्हणून ठेवलेली असते, असं माझं मत झालं आहे. अजून एक बारकावा: १४४ किंवा २४० हर्ट्झसाठी बसवलेली ढुशी फ्रेम रेट (खेळ सेकंदाला जेवढी चित्रं काढतो तो आकडा) ७० वर आला की जास्त होते. उत्तम मॉनिटर फ्रेम रेटबरोबर ढुशीही कमी करतात. परीक्षणात ही गोष्ट आवर्जून शोधा, ती खोक्यावर नसते.

आता काळी शेपूट. व्हीएचा काळा सुंदर असतो, ३०००:१ किंवा त्याच्याही वरचा कॉन्ट्रास्ट. पण त्या गाढ काळ्यातून बाहेर यायला त्याचे स्फटिक फार कुरकुरतात. २४० हर्ट्झला एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंद टिकते. काळ्यातून गडद करड्यात जायला पिक्सेलला २० मिलिसेकंद लागले तर तो पोचेपर्यंत जवळजवळ पाच फ्रेम निघून गेलेल्या असतात. त्यांचाच थर म्हणजे ती शेपूट. ही व्हीएची जुनी खोड, आणि 'जित्याची खोड' म्हणतात तशी ती पॅनल असेपर्यंत जात नाही. थोडी सौम्य करता येते. खेळातला गॅमा किंवा काळ्याची पातळी एक-दोन घर वर घ्या, म्हणजे पिक्सेलला अगदी तळातून उठावं लागत नाही. आणि थंडीत सुरू केल्याकेल्या निकाल लावू नका. गारठ्यात द्रवस्फटिक घट्टावतो आणि आणखी मंद होतो, अर्धा तास तापू द्या.

अलीकडे काही व्हीए पॅनलं या बाबतीत खरोखर सुधारली आहेत, त्यामुळे सरसकट सगळ्यांना झोडपत नाही. तुमचं त्यांतलं नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट जाता जाता, कारण पुढचं पत्र मला दिसतंय: समजा पिक्सेल क्षणार्धात बदलला, तरीही हलतं चित्र थोडं पुसट दिसेलच. डोळा वस्तूच्या मागे सरकत राहतो आणि फ्रेम मात्र आपल्या वेळेपुरती जागच्या जागी उभी असते. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर १६ पिक्सेल फरपटलेली दिसते, १२० वर ८ आणि २४० वर ४. यूएफओ टेस्ट नावाच्या चाचणीतली उडती तबकडी पडद्यावर पळवून पाहिलीत तर हे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं. हा दोष कुठल्याच नगाचा नाही.

प्रश्न: खोक्यावर एचडीआर ४०० चा शिक्का आहे. एचडीआर चालू केलं की रंग उलट धुतल्यासारखे होतात.

बंद ठेवा.

एवढं उत्तर पुरे, पण कारण सांगते. एचडीआर म्हणजे एकाच दृश्यात खूप उजळ आणि खूप गडद, दोन्ही नीट दाखवणं. पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने २०१७ च्या शेवटी या शिक्क्यांच्या पायऱ्या ठरवल्या. ४०० ही सर्वांत खालची. तिथे चमकेची अट जेमतेम ४०० निट्सची. बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सक्ती नाही. म्हणजे दृश्यात एक मशाल पेटली तर आजूबाजूची गुहाही उजळते. खरं एचडीआर हवं तर एक तर ओलेड, नाहीतर मिनी एलईडी, म्हणजे शेकडो विभागांत वेगवेगळा मंद होणारा बॅकलाइट.

मिनी एलईडीचीही एक खोड याच पत्राच्या पोटात सांगून टाकते. ११५२ विभाग म्हटले की फार वाटतात. पण ४के पडद्याचे पिक्सेल त्यांत वाटले की एका विभागाला ७२०० पिक्सेल येतात. काळ्या पडद्यावरचा पांढरा बाण पेटवायला ते सगळे पेटतात, म्हणून बाणाभोवती वलय दिसतं. ते वलय खोड. पण एखादा चौकोनच कायम काळवंडलेला किंवा कायम पेटलेला असेल तर ती खोट.

प्रश्न: मी दिवसा याच मॉनिटरवर कोड लिहितो आणि रात्री खेळतो. नुकताच २४० हर्ट्झचा ओलेड आणला. तीन तक्रारी: अक्षरांच्या कडांना हिरवट-गुलाबी झाक, खेळ लोड होताना पडदा लुकलुकतो, आणि बर्न-इनच्या भीतीने मी पडद्याकडे निवांत बघूच शकत नाही. परत करू?

तिसऱ्या तक्रारीने मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी स्वतः तिथून गेले आहे.

क्रमाने घेऊ. अक्षरांची झाक: विंडोज अक्षरं गुळगुळीत करताना धरून चालतं की प्रत्येक पिक्सेलमधे लाल, हिरवा आणि निळा अशा उभ्या पट्ट्या ओळीत आहेत. बऱ्याच ओलेड पॅनलांत तशा नसतात. क्यूडी-ओलेडमधे ते त्रिकोणात मांडलेले असतात, तर दुसऱ्या प्रकारात चौथा पांढरा सबपिक्सेल मधे घुसलेला असतो. मग विंडोजने लावलेला रंग चुकीच्या जागी उमटतो. ही खोड. क्लिअरटाइप (विंडोजची अक्षरं गुळगुळीत करायची हीच सोय) पुन्हा जुळवून किंवा बंद करून पाहा, अक्षरं थोडी मोठी करा. घनता वाढली की हा त्रास विरतो: २७ इंचांवर १४४० पी म्हणजे इंचाला १०९ पिक्सेल, तिथे तो बोचतो. त्याच आकारात ४के म्हणजे १६३, तिथे तो शोधावा लागतो. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्याने ओलेड घेताना मी सर्वांत आधी हाच आकडा बघेन, हर्ट्झ नंतर.

लुकलुक: फ्रेम रेटप्रमाणे मॉनिटरने आपला वेग बदलायचा, ही सोय एनव्हिडियाने २०१३ मधे जी-सिंक म्हणून आणली आणि पुढे फ्रीसिंकने सर्वदूर केली. सोय उत्तम आहे. पण ओलेडच्या गडद करड्या छटांचा उजळपणा ठरावीक वेगाला जुळवलेला असतो. वेग उतरला की पिक्सेलला तोच भार जास्त वेळ धरून ठेवावा लागतो आणि छटा किंचित सरकते. खेळ लोड होताना फ्रेम रेट २०० वरून ३० वर कोसळतो, पुन्हा उसळतो. छटाही तशीच वरखाली होते, आणि तुम्हाला लुकलुक दिसते. आणखी एक खाचखळगा वेगाच्या तळाशी असतो. मॉनिटरची खालची मर्यादा ४८ असेल तर ४७ फ्रेमना तो प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ९४ वर धावतो, आणि ४९ ला पुन्हा ४९ वर उतरतो. त्या उंबरठ्यावर रेंगाळलात की लुकलुक ठरलेली. उपाय: फ्रेम रेटला मर्यादा घाला, जी तुमचं कार्ड बहुतेक वेळ टिकवू शकेल अशी. नुसत्या लोडिंगच्या वेळी होत असेल तर मी तिकडे दुर्लक्ष करीन. पण स्थिर फ्रेम रेटवर, किंवा साध्या डेस्कटॉपवर हा बदलता वेग बंद करूनही लुकलुकत असेल, तर केबल बदलून पाहा. तरीही राहिली तर ती खोट, परत करा.

बर्न-इन: भीती खोटी नाही. ओलेडमधला प्रत्येक सबपिक्सेल स्वतः जळतो आणि वापराने झिजतो. एकाच जागी एकच उजळ चित्र रोज तासन्‌तास राहिलं की तिथली झीज बाकीच्यापेक्षा पुढे जाते आणि त्याची सावली उमटते. झीज साठत जाते, एका रात्रीत काही होत नाही. तुमच्या बाबतीत धोका खेळाचा कमी, कोडचा जास्त: तोच टास्कबार, तीच डावी पट्टी, रोज आठ तास. टास्कबार लपवा, पार्श्वभूमी गडद करा, कामाच्या वेळी चमक १०० ते १२० निट्सवर आणा, खिडक्यांच्या जागा बदलत राहा. आणि मॉनिटर 'पॅनलची निगा' करायला मागतो तेव्हा करू द्या. ते काम तो बंद असल्यासारखा दिसत असताना करतो, म्हणून भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका. बर्न-इन वॉरंटीत आहे का, किती वर्षं, हे स्वच्छ शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर तो मॉनिटर दिवसभराच्या कामासाठी घेऊ नका, हे माझं ठाम मत.

माझं सांगते. माझ्या पहिल्या ओलेडवर मी आठवड्याला करडा पडदा लावून सावल्या शोधायचे. एका रात्री ५ टक्के करड्यावर, अंधारात, मला उभ्या बारीक रेघा सापडल्या. त्या पहिल्या दिवसापासून होत्या. बऱ्याच ओलेडांवर त्या छटेला तशी जाळी असतेच, आणि खेळताना मला ती कधीही दिसली नव्हती. त्या रात्रीनंतर दिसायला लागली. धुक्याचं दृश्य आलं की माझी नजर शत्रू सोडून रेघांकडे. मॉनिटर होता तसाच होता, वाट लागली ती माझी. मग मी ती तपासणी बंद केली.

परत करू का, याचं उत्तर: अक्षरं महिनाभरानेही डोळ्याला टोचत असतील तर करा. पण परत करायची मुदत त्याआधी संपत असेल तर निर्णय त्या तारखेच्या आत घ्या. बाकी दोन कारणांसाठी नको.

प्रश्न: खेळताना मधेच दोन सेकंद पडदा काळा होतो, मग परत येतो. ४के, १४४ हर्ट्झ.

केबल. ४के, १४४ हर्ट्झ, १० बिट रंग म्हणजे नुसत्या चित्राचेच सेकंदाला जवळजवळ ३६ गिगाबिट. डिस्प्लेपोर्ट १.४ या जोडणीतून खरे जातात २५.९२. म्हणून चित्र दाबून, आकसून पाठवलं जातं आणि वाट तिच्या वरच्या वेगाला चालवावी लागते. लांब किंवा हलक्या केबलला ते झेपत नाही. प्रमाणित, आखूड केबल आणा आणि तोपर्यंत १२० हर्ट्झवर चालवून पाहा. काळोख थांबला तर मॉनिटर बहुधा निर्दोष.

प्रश्न: मुलगा १४४ चा मॉनिटर काढून ४८० हर्ट्झचा मागतो आहे. म्हणतो त्याशिवाय स्पर्धेत टिकता येत नाही. खरं आहे का?

हिशोब त्याच्यासमोर मांडा. ६० वरून १४४ ला गेलं की प्रत्येक फ्रेममागे ९.७ मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला २.८. २४० वरून ३६० ला १.४. ३६० वरून ४८० ला ०.७. पहिली उडी आंधळ्यालाही दिसेल, शेवटची बऱ्याच चांगल्या खेळाडूंनाही सांगता येत नाही. मग त्याला विचारा, तुझं ग्राफिक्स कार्ड त्या खेळात ४८० फ्रेम काढतं का? काढत नसेल तर तो पडदा रिकाम्या हाताने धावणार. काढत असेल, आणि तो खरोखर स्पर्धेत उतरत असेल, तर त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. हलत्या वस्तूची स्पष्टता वाढते हे खरं आहे. मात्र १४४ च्या मंद पॅनलवरून २४० च्या चपळ ओलेडवर गेला तरी त्याला हवं ते बरंचसं मिळेल, असं मला वाटतं.

प्रश्न: उद्या मॉनिटर येतो आहे. पहिल्या संध्याकाळी काय तपासू, कोणत्या क्रमाने?

खोकं उघडण्याआधी कोपरे बघा. चेपलेला असेल तर तिथेच फोटो. मग मॉनिटर लावा आणि अर्धा तास काहीच तपासू नका. रिफ्रेश रेट हाताने लावा, चमक नेहमीच्या पातळीला आणा. ठिपक्यांसाठी लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच पडदे, प्रत्येकी मिनिटभर, नेहमीच्या अंतरावरून. भिंग नको. ठिपका दिसला तर मऊ कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, निम्मे ठिपके धूळ असतात. मग मध्यम करडा: मोठे डाग किंवा एक बाजू पिवळट दिसते का. काळा, दिवा लावून आणि घालवून, डोकं हलवत. मग तो खेळ लावा जो तुम्ही शंभर तास खेळला आहात. नवा नको, त्यात काय कसं दिसायला हवं हे तुम्हाला माहीत नसतं. दोन तास खेळा. त्या दोन तासांत जे आपणहून खटकलं ते एका चिठ्ठीवर लिहा. ५ टक्के करडा लावायचा मोह आवरा.

आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतले फोमचे तुकडे पलंगाखाली राहू द्या. बदलायला काढलेले मॉनिटर जुन्या चादरीत गुंडाळून येताना मी पाहिले आहेत. आले तेव्हा त्यांना एक ठिपका होता, माझ्या टेबलावर पोचेपर्यंत आडवी चीर गेलेली असायची.